तहानलेला कावळा आणि हिंगोलीची वेधशाळा

मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड इथे २०१७ च्या उन्हाळ्यात तशीच एक गोष्ट खरोखर घडली. फरक इतकाच की तिथे मडके नव्हते, पाइप होता. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो' वेधशाळेच्या नोंदींत अधूनमधून एक चमत्कारिक थरथर उमटू लागली. ती आकाशातून आलेली नव्हती, एवढे लवकरच कळले. मग कुठून येत होती? यंत्राजवळच्या एका मायक्रोफोनने चोच मारल्यासारखा टकटक आवाज त्याच वेळी पकडला होता. शास्त्रज्ञ बाहेर जाऊन पाहतात तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने एका पाइपवर बर्फ साचलेला आणि त्यावर चोचीच्या खुणा. उन्हाने तहानलेले मोठे काळे कावळे तो बर्फ फोडून खात होते. पाइपला आवरण घातल्यावर प्रश्न मिटला.

या गोष्टीचा वऱ्हाडाशी संबंध आहे. अशीच वेधशाळा, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहायची आहे. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशीम ओलांडून हिंगोलीलाच जाते. हे अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पुणे-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली आणि २०३० पर्यंत काम पुरे करायचे ठरले. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय मिळून हे काम करत आहेत.

वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती चार किलोमीटरच्या नळ्यांची, लेसरची आणि चाळीस-चाळीस किलोच्या आरशांची. या सगळ्याला जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या संगणकांबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही. वास्तविक जोखमीचे काम तिथेच आहे.

लायगोला मोजायचे असते ते दोन आरशांमधले अंतर, आणि त्यातला बदल प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात, तरी ते पूर्ण स्थिर कधीच नसतात. म्हणून संगणक सतत विचारत राहतो: आरसा आता कुठे आहे, किती सरकला, परत आणायला किती जोर लावू? हा प्रश्न आणि त्याचे उत्तर सेकंदाला १६,३८४ वेळा द्यावे लागते. हे चक्र तुटले की प्रकाशाचा मेळ तुटतो आणि त्या काळापुरती वेधशाळा आंधळी होते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी वाटायला नको. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो-स्टार्टर लावलेला असतो. रात्री दोनला लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, एक फेज गेली की बंद पडते. शेतकरी घरी झोपलेला असला तरी यंत्र स्वतःची स्थिती पाहून निर्णय घेत असते. लायगोतही हेच होते, पण तिथे 'फेज' हजारोंनी आहेत आणि नोंद ठेवायच्या संकेतांची संख्या एकेका वेधशाळेत दोन लाखांवर जाते. भूकंपमापक, मायक्रोफोन, चुंबकमापक, वाऱ्याचा वेग मोजणारी साधने, वीजपुरवठ्याचे मीटर हे सारे त्यात आले. कावळा सापडला तो यातल्याच एका नोंदीमुळे.

आता अडचणीचा भाग. हिंगोलीला येणारी मुख्य उपकरणे नवी बनवलेली नाहीत. हॅनफर्डमध्ये आधी दोन यंत्रे शेजारी शेजारी चालत होती. प्रगत लायगोसाठी तिसरा संच तिथेच बसवायचा असा मूळ बेत होता. तो बेत बदलला आणि २०१२ मध्ये हा संच भारताला द्यायला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने मान्यता दिली. तेव्हापासून तो पेट्यांमध्ये जपून ठेवलेला आहे. आरशाची काच दहा-पंधरा वर्षांत म्हातारी होत नाही, संगणक होतो. त्याचा सुटा भाग मिळेनासा होतो, त्याची कार्यप्रणाली कोणी सांभाळत नाही, ती कोळून प्यायलेला अभियंता निवृत्त होतो. म्हणजे हिंगोलीत यंत्र सुरू होण्याआधीच त्याच्या मेंदूचे आधुनिकीकरण करावे लागणार आहे.

लायगोने हा अनुभव पूर्वी एकदा घेतला आहे. २००२ ते २०१० या पहिल्या पर्वात तिथे खास औद्योगिक संगणक-कार्डे आणि विकत घेतलेली खास कार्यप्रणाली होती. दुसऱ्या पर्वात ती काढून बाजारात मिळणारे बहु-कोअर सर्व्हर आणि लिनक्स आणले गेले. साधा संगणक एकाच वेळी दहा कामे करतो आणि कोणते काम केव्हा होईल याची हमी देत नाही. आरशाला तर क्षणाचाही उशीर चालत नाही. यावर काढलेला तोडगा मोठा साधा होता. प्रोसेसरचा एकेक कोअर लिनक्सच्या ताब्यातून काढून घ्यायचा आणि त्याला फक्त आरशांचे चक्र फिरवण्याच्या कामाला जुंपायचे. सगळ्या संगणकांची घड्याळे जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी बांधलेली असतात, नाहीतर दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येणार नाहीत.

नियंत्रणाचा वरचा थर मात्र कणभौतिकीकडून आलेला आहे. त्याचे नाव 'एपिक्स'. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरकांमध्ये हजारो चुंबक, पंप आणि वीजपुरवठे एका जागेवरून हाताळता यावेत म्हणून अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि अरगॉन या प्रयोगशाळांनी १९९० च्या सुमारास ते बांधायला घेतले. आज जगभरातले त्वरक, दुर्बिणी आणि फ्रान्समधला 'इटर' हा संलयन प्रकल्प यावर चालतात. ते मोफत आणि खुले आहे, अमरावतीतल्या वसतिगृहातल्या लॅपटॉपवरही उतरवून घेता येते. अशा कामाचे उदाहरण महाराष्ट्रात आधीच आहे. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे तीस अँटेना चालू ठेवूनच तिचे आधुनिकीकरण झाले, आणि तिथल्या नव्या नियंत्रणासाठी 'टँगो' ही चौकट निवडली गेली. तिचाही जन्म एका त्वरकावरचा, फ्रान्समधल्या ग्रनोबलचा. सगळे नव्याने लिहायच्या हट्टापेक्षा दुसऱ्याचे तावूनसुलाखून निघालेले घेणे केव्हाही शहाणपणाचे.

आणखी एक बदल माणसाच्या कामाशी संबंधित आहे. प्रकाशाचा मेळ एकदा तुटला की तो पुन्हा बसवायला कितीतरी पायऱ्या चढाव्या लागतात. पूर्वी हे बरेचसे ऑपरेटरच्या हाताच्या कसबावर अवलंबून असे. रात्रपाळीचा माणूस अनुभवी असेल तर लवकर जमे, नसेल तर तास जात. मग 'गार्डियन' नावाची प्रणाली आली. ती प्रत्येक उपयंत्रावर एक पहारेकरी बसवते आणि त्या सगळ्यांवर एक मुकादम. कोणती पायरी झाली, पुढची केव्हा घ्यायची, बिघडले तर किती मागे यायचे हे ते ठरवतात. दूरच्या देशात मोठा भूकंप झाला तर त्याच्या लाटा पोहोचण्याआधी इशारा मिळतो आणि आरशांची पकड त्यानुसार बदलता येते. माणूस नियंत्रण कक्षात असतोच, पण हाताने गाठी मारत बसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १४ सप्टेंबर २०१५ च्या नोंदीत आहे. त्या दिवशी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला आणि सात हजारांश सेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. औपचारिक निरीक्षणे अजून सुरूही व्हायची होती. चाचणीसाठी मुद्दाम खोटा संकेत घुसवण्याची पद्धत लायगोत होती, त्यामुळे पहिली शंका तीच आली. कोणी गंमत तर केली नाही? आरशांना धक्का देऊ शकणाऱ्या प्रत्येक मार्गाची नोंद संगणकांत होती. ती तपासून झाल्यावरच शास्त्रज्ञांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. ती नोंद नसती तर शतकातला मोठा शोध महिनोन्‌महिने संशयात राहिला असता.

१७ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्याच्या सुमारे एक सेकंद आधी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक जोरदार खरखर उमटली. स्वयंचलित प्रणालीने तिथला संकेत खराब समजून बाजूला ठेवला, पहिली सूचना गेली ती एकट्या हॅनफर्डच्या नावावर. माणसांनी नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा खरखरीखाली लहर स्पष्ट दिसली. तेवढा तुकडा कापून काढला, इटलीतल्या 'व्हर्गो'ची नोंद जोडली आणि दुर्बिणींना आकाशात कुठे पाहायचे ते सांगता आले. यंत्र जितके जास्त आपोआप चालेल तितकी त्याच्या निर्णयाची तपासणी माणसाला सहज करता आली पाहिजे. नव्या प्रणाल्यांची खरी परीक्षा वेगापेक्षा इथे आहे.

हिंगोलीचे प्रश्न हॅनफर्डसारखेच असतील असे नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. म्हणजे विजेच्या गुणगुणीची रेषा नोंदीत वेगळ्या जागी पडणार आणि ती गाळणाऱ्या चाळण्या नव्याने लावाव्या लागणार. मृगाच्या आधीच्या वळवातल्या विजा चुंबकमापकांवर उमटतील. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिचा कलही मोजत राहावा लागेल. दिवाळीच्या आगेमागे आसपासच्या शिवारात सोयाबीनची मळणीयंत्रे दिवसरात्र घुमतात. त्या घुमण्याची कंप्रता किती, ती किती अंतरावरून जाणवते, हे आरसे पेटीतून बाहेर निघण्याआधी मोजून ठेवलेले बरे.