दोन मिनिटं दहा सेकंद

पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाचही जिल्हे शेजारी शेजारी पाण्याखाली घातले, तरी वर तीन गोवे बुडवायला जागा उरेल, एवढं आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, काठावर टांझानिया, युगांडा आणि केनिया असे तीन देश. खोली मात्र या थाटाला अजिबात न शोभणारी, सरासरी ४० मीटर. सरोवर कसलं, परातच ती. आणि ही परात साधारण १५,००० वर्षांपूर्वी कोरडी ठणठणीत होती. तळाच्या गाळाचे नमुने उपसून पाहिले तेव्हा भूशास्त्रज्ञांना तिथे सुकलेल्या जमिनीच्या खुणा सापडल्या. मग पाऊस वाढला आणि परात पुन्हा भरली.

त्या पाण्यात आजवर सिक्लिड या एकाच कुळातल्या माशांच्या सुमारे ५०० प्रजाती नोंदलेल्या आहेत. बहुतेक सगळ्या फक्त तिथल्याच, जगात दुसरीकडे कुठेही न मिळणाऱ्या. आपल्या अख्ख्या भारतात या कुळाच्या मूळ प्रजाती किती? तीन. त्यांतली एक गोव्याच्या खाड्यांत मिळते, काळुंदर. भिगवणला उजनीच्या पाण्यातली म्हणून जी चिलापी ताटात येते तीही सिक्लिडच, पण ती आफ्रिकेहून आणून सोडलेली, त्यामुळे या हिशेबात धरत नाही.

पंधरा हजार वर्षांत पाचशे, म्हणजे सरासरी दर तीस वर्षांना एक नवी प्रजाती. आई म्हातारी होईपर्यंत एक, लेक म्हातारी होईपर्यंत दुसरी. पण ही सरासरी फसवी आहे, कारण प्रजाती ओळीने एकेक जन्माला येत नाहीत, फुटत जातात. एकाचे दोन, दोनाचे चार असं फक्त नऊ वेळा केलं की ५१२ होतात. म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांतून एकदा दुप्पट झाली की पुरे. तरीही उत्क्रांतीच्या मानाने हा वेग अचाट आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली आणि एवढ्या काळात आपल्या बाजूला आज उरलोय ते आपण एकटेच.

काळाचा हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून एक घड्याळ लावू. व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्येला टांगानिका नावाचं सरोवर आहे, दीड किलोमीटरच्या आसपास खोल आणि सुमारे एक कोटी वर्षं जुनं. हे एक कोटी म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र असा एक पूर्ण दिवस धरा. त्या दिवसभरात टांगानिकाने सिक्लिडच्या अडीचशेच्या आसपास प्रजाती घडवल्या. या घड्याळात व्हिक्टोरियाला मिळालेला वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात तिने दुप्पट प्रजाती करून दाखवल्या.

हे जमलं कसं? थोडं भांडवल आधीच गाठीशी होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की या भागातल्या सिक्लिडांचे पूर्वज संकरातून आलेले आहेत. काँगोच्या बाजूची एक शाखा आणि नाईलच्या बाजूची दुसरी, लाखाहून अधिक वर्षांपूर्वी एकत्र आल्या. दोन वेगळ्या कॅटमधले पत्ते एकत्र पिसावेत तसं झालं. नव्या प्रजातीसाठी नवं जनुक घडायची वाट बघावी लागली नाही, हातातले पत्ते वेगळे लावले की काम झालं.

दुसरं भांडवल घशात होतं. सिक्लिडला दोन जबडे असतात. पुढचा तोंडात, मागचा घशात, आणि चावण्या-भरडण्याचं काम मागचा करतो. त्यामुळे पुढचा जबडा वाटेल तसा बदलायला मोकळा. घरात दळायला जातं असलं की विळी-सुरी हवी तशी घडवून घेता येते, तसा हा प्रकार.

उत्क्रांती म्हटलं की आपल्याकडे चटकन ‘बळी तो कान पिळी’ म्हणून मोकळे होतात. मला हे समीकरण कधीच पटलं नाही आणि या सरोवरात तर ते उलटंच ठरतं. पाणी भरलं तेव्हा खाणं मुबलक होतं आणि खाणारे थोडे. खाणारे वाढले तशी सगळ्यांची झुंबड एकाच खडकावरच्या एकाच शेवाळावर. अशा वेळी ज्याचे घशातले दात जरा दणकट, तो गोगलगायी फोडायला लागला आणि त्याला स्पर्धकच उरले नाहीत. ज्याचं तोंड जरा लांबट, तो फटींतले किडे ओढू लागला. मार खाल्ला तो मधल्यांनी, ज्यांना धड शेवाळही खरवडता येईना आणि धड गोगलगायही फुटेना. पिढ्यान्‌पिढ्या मधले गळत गेले आणि दोन टोकं दुरावत गेली. शेवाळखाऊ, गोगलगायफोडे, कोळंबीखाऊ, माशांवर जगणारे, इतकंच काय, पिल्लांना तोंडात सांभाळणाऱ्या मादीकडून पिल्लं हिसकावून खाणारे दरोडेखोरसुद्धा.

टांगानिकात तर एक सिक्लिड दुसऱ्या माशांचे फक्त खवले ओरबाडून खातो. त्याचं तोंड वाकडं असतं, कुणाचं उजवीकडे, कुणाचं डावीकडे. उजवीकडे वळलेला भक्ष्याच्या डाव्या कुशीवर झडप घालतो, डावीकडे वळलेला उजव्या. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञाने १९९३ साली दाखवलं, की या दोघांचं प्रमाण निम्म्या-निम्म्याभोवतीच हेलकावे खातं. उजवे वाढले की भक्ष्य डावी कूस जपतं आणि डाव्यांची चंगळ होते. डावे वाढले की उलट. इथे फायदा दुर्मीळ असण्यात आहे, बळी असण्यात नाही.

मग रंग. व्हिक्टोरियात दोन जवळच्या प्रजाती आहेत. एकीचे नर निळसर, उथळ पाण्यातले. दुसरीचे लाल, जरा खोलातले, कारण गढूळसर पाण्यात खाली लाल उजेडच पोचतो आणि तिथल्या माद्यांच्या डोळ्यांना लालच ठळक दिसतं. ओले सीहाउझेन या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एकरंगी नारिंगी दिवा लावला, तर माद्यांना आपला कोण, परका कोण हेच कळेना. सरोवर जिथे फार गढूळ झालंय तिथे या दोन प्रजाती मिसळून पुन्हा एक होताहेत.

आता बळी येतो. १९५० नंतरच्या काळात मासेमारी वाढवण्यासाठी या पाण्यात नाईल पर्च सोडला गेला. दोन मीटर लांब आणि दोनशे किलोपर्यंत वाढणारा हा मासा. आपल्या अलिबाग-पेणच्या जिताड्याचा सख्खा चुलत भाऊ, दोघांचा वंश एकच. त्याच्यासमोर बोटभर-वीतभर सिक्लिड. १९७० च्या दशकात तळातून ओढलेल्या जाळ्यात सिक्लिडांचं वजन ८० टक्के असायचं, १९८० च्या दशकाअखेर ते जेमतेम एक टक्क्यावर आलं. सुमारे २०० प्रजाती दिसेनाशा झाल्या. आपल्या घड्याळात एक दशक म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा, पापणी लवायलाही पुरत नाही. सिक्लिड संपत आले तेव्हा पर्च कोळंबीवर आणि स्वतःच्याच पिल्लांवर आला.

पुढे पर्चची बेसुमार मासेमारी झाली आणि काही सिक्लिड परतले, पण होते तसे नाहीत. ‘हॅप्लोक्रोमिस पायरोसेफॅलस’ या चिमुकल्या माशाचे कल्ले मोठे झालेत, कारण पाण्यात प्राणवायू कमी झालाय. पूर्वी पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाणारा हा मासा आता मोठं भक्ष्यही घेतो. या बदलाला लागली दोनेक दशकं, घड्याळात सेकंदाचा सहावा हिस्सा.

पुढच्या वेळी बाजारातून काळुंदर किंवा चिलापी आणलीत, तर डोळा आणि ओठ यांच्यामधली छिद्रं मोजा. बहुतेक माशांना एका बाजूला दोन नाकपुड्या असतात, याला एकच. आणि साफ करताना कल्ल्यांच्या मागे घशात बोट घालून बघा. दुसरा जबडा तिथेच असतो.