आतड्याचा जोड, पायाचा बायपास : ऑपरेशननंतरचे दिवस

"डॉक्टरसाहेब, आते यास्ले खावाले काय देवानं?" पोटाचे मोठे ऑपरेशन होऊन रुग्ण धुळ्याहून किंवा नाशिकहून पिंपळनेरला घरी परतला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. पण आतड्याच्या किंवा पायाच्या बायपासनंतर खाण्यापेक्षाही महत्त्वाच्या काही गोष्टी असतात. त्या कोणी विचारत नाही आणि दवाखान्याच्या गर्दीत कोणी सांगतही नाही. आजचा लेख त्यांच्यासाठी.

प्रथम 'बायपास' या शब्दाविषयी. हा शब्द ऐकला की सर्वांना हृदयच आठवते. वास्तविक बायपास म्हणजे अडलेल्या वाटेला काढलेली दुसरी वाट, एवढेच. पांझरा नदीच्या काठच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. फड पद्धतीत बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात. मधेच दरड कोसळून पाट बुजला, तर बुजलेला भाग टाळून पाटकरी बाजूने नवी चारी खोदतो आणि पाणी पुढे नेऊन पुन्हा जुन्या पाटात सोडतो. शरीरातही तेच करतात. आतड्याची वाट अडली तर अन्नासाठी, पायाची रक्तवाहिनी बुजली तर रक्तासाठी.

आपल्या भागात आतड्याचे ऑपरेशन कशासाठी होते? कर्करोगासाठी होतेच, पण आतड्याच्या क्षयाचे रुग्ण आपल्याकडे आजही दिसतात. क्षयाने लहान आतडे जागोजागी आवळले जाते, जेवणानंतर पोटात गोळा फिरतो, गुडगुड होते, वजन उतरते आणि एक दिवस वाट पूर्ण बंद होते. याशिवाय हर्नियात अडकून काळे पडलेले आतडे, आतड्याला बसलेला पीळ, विषमज्वराने पडलेले छिद्र ही कारणे आहेत. बहुधा खराब भाग कापून दोन्ही टोके जोडतात. गाठ इतकी चिकटलेली असते की काढता येत नाही, तेव्हा ती तशीच ठेवून तिच्या अलीकडचे आतडे पलीकडच्या आतड्याला जोडतात. तो आतड्याचा बायपास.

आतडे शिवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावाव्यात व मग मुंग्यांचे धड तोडून डोके तसेच ठेवावे, असे वर्णन आहे. आजच्या स्टेपलरचा हा पूर्वजच म्हणायचा. पुढे १८२६ साली फ्रान्समधील लेंबर्ट या शल्यविशारदाने दाखवून दिले की आतड्याचे बाहेरचे गुळगुळीत आवरण आवरणाला टेकवून शिवले तर जोड पक्का बसतो. आजही सर्जन हातातला दोरा चालवताना हेच तत्त्व पाळतात.

जोड कितीही चांगला घातला तरी तो भरून आणण्याचे काम शरीराचे असते, आणि खरी धास्ती असते ती जोड गळण्याची. लहान आतड्यात शंभरातल्या एक ते तीन जणांचा जोड गळतो, मोठ्या आतड्यात त्याहून थोडा अधिक, आणि अगदी गुदद्वाराजवळच्या जोडात हे प्रमाण दहाच्या आसपास जाते. घाईत, रात्री-अपरात्री, पोटात पू असताना केलेल्या ऑपरेशनात धोका आणखी वाढतो. रक्त कमी असलेला, पोषण खालावलेला, बिडी-तंबाखू न सोडणारा रुग्ण यात पुढे असतो. गळती बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास उघड होते, म्हणजे नेमके नातेवाईक 'आता संकट टळले' म्हणून निर्धास्त झालेले असताना. नाडी जलद होते, ताप येतो, पोट फुगते, उचकी थांबत नाही, कालपर्यंत बोलणारा माणूस गप्प होतो. यांत नाडी सर्वांत आधी इशारा देते. वेळीच पोट पुन्हा उघडले तर जीव वाचतो. 'गॅस झाला असेल' म्हणून दोन दिवस काढले तर कठीण होते.

अशा वेळी, किंवा कधी पहिल्याच ऑपरेशनात, सर्जन आतड्याचे टोक पोटावर काढून तेथे पिशवी लावतात. नातेवाइकांना हे फार लागते. 'पोटावर संडास काढली' असे म्हणून बायाबापड्या रडतात. पण पाटाची दुरुस्ती चालू असताना पाणी बाहेर सोडून द्यावे, तसे हे आहे. कित्येकांचे आतडे काही महिन्यांनी पुन्हा आत जोडले जाते. पिशवीतून पाण्यासारखे फार जात असेल तर मात्र अंगातले मीठपाणी संपते, लघवी कमी होते. तेव्हा नुसते पाणी पाजून भागत नाही. मीठ-साखरेचे पाणी द्यावे लागते आणि दवाखाना गाठावा लागतो.

आता खाण्याचे. पूर्वी वायू सरेपर्यंत पाण्याचा थेंबही देत नसत. ऑपरेशननंतर आतडे काही दिवस सुस्तावते हे खरे, पण उपाशी ठेवल्याने ते लवकर जागे होते असे नाही. आता बऱ्याच रुग्णांना दुसऱ्या दिवसापासून घोट-घोट पाणी, मग पेज, आणि लवकर उठवून चालवणे, अशी पद्धत आहे. सर्जनने परवानगी दिली असेल तर घाबरू नये, आणि दिली नसेल तर खाटेखाली लपवून नारळपाणी आणू नये. घरी आल्यावर मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, अंडे, दुधात कुस्करलेली दादरची भाकरी चालते. कळण्याची कोरडी भाकरी, कच्चा कांदा, अख्खे शेंगदाणे आणि आपली लाल तवंगाची शेवभाजी साधारण महिनाभर लांब ठेवावी. ताकदीसाठी सलाईन लावून घेण्याचा आग्रह तर मला कधीच कळलेला नाही. एका बाटलीत जितकी साखर असते तितकी दोन कप गोड चहातही मिळते.

पुढच्या महिन्या-वर्षांत उद्भवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पोटातली आतडी एकमेकांना चिकटतात आणि कधी कित्येक वर्षांनी पुन्हा वाट अडते. ऑपरेशन झालेल्या माणसाला उलट्या, पोटफुगी आणि संडास-वायू बंद, असे एकदम झाले तर घरी एनिमा देऊ नये. टाक्यांच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण शंभरात दहा ते वीस इतके आहे, म्हणून पहिले दोन-तीन महिने खताची गोणी, कांद्याचे पोते, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. लहान आतड्याचा शेवटचा मोठा भाग काढला असेल तर ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्याची कमतरता वर्ष-दोन वर्षांनी थकवा, हातापायांना मुंग्या अशा रूपात दिसते. तिला इंजेक्शन हा सोपा उपाय आहे, पण आयुष्यभर. बायपास करून आतड्याचा तुकडा बाजूला ठेवला असेल तर तेथे साचलेल्या पाण्यासारखे जंतू वाढतात, जुलाब लागतात, रक्त कमी होते. परदेशात १९५० ते १९७० च्या दशकांत वजन उतरवण्यासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग असा बाजूला टाकत. वजन उतरले, पण यकृत निकामी होणे, मूतखडे, सांधेदुखी असे विकार जडले आणि ती शस्त्रक्रिया बंद करावी लागली.

क्षयाचे आतडे कापले म्हणजे क्षय गेला, हा गैरसमज फार घातक आहे. औषधांचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो ऑपरेशननंतरही पूर्णच करावा लागतो.

आपल्या साक्री-नवापूरच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. आदिवासी समाजात हा आजार अधिक आहे, पण इतरांतही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाचे पोट कधी इतके दुखते की आतडे अडल्यासारखे वाटते आणि नको ते ऑपरेशन होण्याची भीती असते. ऑपरेशन खरोखर लागले तर त्याचे अंग थंड पडू न देणे, पाणी कमी पडू न देणे आणि प्राणवायू पुरेसा ठेवणे यावर सारे अवलंबून असते. त्यासाठी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत हवे. तपासणी सोपी आहे. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. तिच्यात मिळालेले कार्ड घरात ठेवून ऑपरेशनला गेलात तर त्याचा उपयोग काय?

आता पायाकडे वळू. चालताना ठराविक अंतरावर पोटरीत गोळा येतो, थांबले की बरे वाटते, पुन्हा तेवढेच चालता येते. ही सुरुवात. पुढे रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप येत नाही, आणि मग अंगठा काळा पडतो. कारणे दोन : मधुमेह-रक्तदाब-वयामुळे वाहिन्यांत साचलेला थर, आणि तरुण माणसात बिडी. बिडीने होणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन लिओ बर्जर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली केले. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात घोट्याजवळच्या बारीक वाहिन्याच बुजतात. बायपासला वरून पाणी हवे, मधली चारी चांगली हवी आणि पाणी जिरायला पुढे फड हवा. बर्जरच्या विकारात तो फडच उरलेला नसतो, म्हणून सर्जन कित्येकदा 'बायपास होणार नाही' असे सांगतात. तेथे बिडी पूर्णपणे सोडणे हाच खरा उपाय. सोडणाऱ्यांचे पाय बहुतेक वाचतात, न सोडणाऱ्यांचे बोट, मग पंजा, मग गुडघ्याखालचा पाय असे तुकड्या-तुकड्याने जातात. तंबाखू मळून खाल्ली तर चालते, असेही नाही.

पायाच्याच शिरेचा लांब तुकडा वापरून बायपास करण्याची सुरुवात पॅरिसमध्ये जाँ कुनलिन यांनी १९४८ साली केली. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून लावतात, नाहीतर रक्त खाली जाणारच नाही. शीर चांगली नसेल तर कृत्रिम नळी लावतात. दोन्हींत फरक मोठा आहे. स्वतःची चांगली शीर असेल तर शंभरांपैकी सुमारे ७० बायपास पाच वर्षांनंतरही वाहते असतात. गुडघ्याखाली कृत्रिम नळी लावली तर निम्म्याहून कमी. फुग्याने वाहिनी रुंद करण्याचा मार्गही आहे आणि तो अनेकांना पुरतो. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या अभ्यासात, पाय जाण्याच्या बेतात असलेल्या आणि चांगली शीर असलेल्या रुग्णांत आधी बायपास केलेला बरा, असे दिसून आले.

बायपासनंतर पाय सुजतो. हे पाहून घरचे घाबरतात, पण बहुतेकांत ही सूज अपेक्षित असते आणि काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी उतरते. बसताना पाय उंच ठेवावा. शीर काढलेल्या जागी, पोटरीच्या आतल्या बाजूस बधिरपणा राहतो, तोही निरुपद्रवी. जांघेतली जखम मात्र रोज पाहावी. तेथे पू होणे ही बरीच आढळणारी गुंतागुंत आहे, आणि कृत्रिम नळीपर्यंत पू पोहोचला तर पाय आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. जखमेतून ताज्या रक्ताची धार आली तर हाताने घट्ट दाबून धरून तसेच निघावे.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला आणि बोटे हलेनाशी झाली तर बायपास बुजला असे समजावे. स्नायू अंदाजे सहा तास तग धरतात. पिंपळनेरहून साक्री, साक्रीहून धुळे, तेथून कदाचित नाशिक हे अंतर त्या सहा तासांतच बसवायचे असते. म्हणून तेलाने चोळणे, गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक यात वेळ घालवू नये. शेकाने तर बधिर पाय भाजतो आणि भाजलेले कळतही नाही. पहिल्या महिन्यात बायपास बुजला तर दोष बहुधा जोडात असतो. महिन्यानंतर दोन वर्षांपर्यंत शिरेच्या आत अस्तर वाढून ती अरुंद होते. रुग्णाला काही जाणवण्याआधीच सोनोग्राफीत हे दिसते, म्हणून पाय बरा वाटत असतानाही तपासणीला बोलावतात. त्यानंतरचा काळ तंबाखू, साखर आणि चरबी यांचा असतो. बिडी चालू ठेवणाऱ्यांचा बायपास बुजण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आहे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. पाय काळा पडेपर्यंत आजार गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे पाच वर्षांत दगावतात, आणि ते बहुधा पायाने नव्हे तर हृदयाने. जो थर पायात साचतो तोच हृदयात आणि मेंदूत साचतो. अॅस्पिरिनची आणि चरबी कमी करणारी गोळी केवळ पायासाठी नसते. 'पाय बरा झाला' म्हणून ती बंद करू नये.

आतडे आणि पाय यांचे नातेही येथेच आहे. आतड्यालाही रक्त लागते. त्याच्या वाहिन्या अरुंद झाल्या की जेवल्यावर अर्ध्या तासाने पोट दुखते, माणूस जेवणाला भिऊ लागतो आणि वाळत जातो. संधिवाताने हृदयाची झडप बिघडलेल्या रुग्णात रक्ताची गुठळी सुटून एखाद्या वेळी पायात अडकते, एखाद्या वेळी आतड्यात. आतड्यात अडकली तर पोट मऊ असूनही रुग्ण तडफडतो. उशीर झाला तर निम्म्याहून अधिक दगावतात. पोटातल्या महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत बायपास केला तर क्वचित मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचे रक्त तुटते आणि पहिल्या काही दिवसांत रक्ताचे जुलाब होतात. ते हगवण समजून सोडून द्यायचे नसतात.

खर्चाविषयी : धुळे जिल्हा २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यातच होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन, भरती होण्याआधीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

आणि ती सुट्टीच्या वेळी मिळालेली कागदपत्रे. आपल्याकडे ती ट्रंकेत तळाशी जातात, नाहीतर एक्स-रेच्या पाकिटात गॅस एजन्सीच्या पावत्यांबरोबर राहतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. रात्री दोन वाजता १०८ ची गाडी तुम्हाला ग्रामीण रुग्णालयात उतरवेल, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आतडे किती काढले, कुठे जोडले, पायात शीर लावली की नळी आणि रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, हे त्या एका कागदावरूनच कळणार असते.