*शेतातून उडणारा वायू आणि आपल्या खिशाचा हिशेब*

🌱 *कृषी सल्ला : सर्व सभासदांसाठी*



"कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करू का?" असं बरेच सभासद विचारत आहेत. "शेतीमुळे हवा तापते म्हणतात, मग दोष आपलाच का?" हाही प्रश्न येतो. दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे. मेसेज थोडा मोठा आहे, पण सही करण्याआधी पूर्ण वाचा.

*१) शेतीचा वाटा किती?*
हवा तापवणाऱ्या वायूंमध्ये आपल्या देशातल्या शेतीचा वाटा १९९४ साली सुमारे २८ टक्के होता. २०२० साली तो १४ टक्क्यांच्या आत आला. याचा अर्थ शेतातला वायू निम्मा झाला असा नाही. वीजकेंद्रं, गाड्या आणि कारखाने यांचा धूर इतका वाढला की त्यापुढे शेतीचा वाटा लहान दिसू लागला. देशातला तीन चतुर्थांश वायू इंधन आणि विजेतूनच येतो. म्हणजे सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. पण जो वायू आपल्या रानातून जातो, त्याचे पैसे आपण भरलेले असतात, म्हणून तो समजून घेऊ.

*२) हा वायू येतो कुठून?*
▪️ *जनावरं :* शेतीतल्या वायूपैकी निम्म्याहून जास्त वायू इथला. गाय-म्हैस रवंथ करताना पोटात मिथेन तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. चाऱ्यातली थोडी ताकद दुधात न जाता अशी हवेत जाते.
▪️ *नत्र खतं :* जमिनीत नत्राचं रूपांतर होताना नायट्रस ऑक्साईड सुटतो. वजनाला थोडा, पण ताप फार. एक किलो नायट्रस ऑक्साईड सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साईडएवढी उष्णता धरतो.
▪️ *भात खाचरं :* साचलेल्या पाण्याखाली मिथेन तयार होतो.
▪️ *पाचट, काड जाळणं :* देशाच्या हिशेबात हा भाग लहान आहे, पण जमिनीचं नुकसान मोठं.

*३) एका गोणीचा हिशेब*
युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २०.७ किलो. साधारण १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन उडतं असं धरतात. म्हणजे एका गोणीमागे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम वायू. त्याचा ताप जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साईडएवढा.

हा झाला फक्त एक वायू. बाकी नत्र अमोनिया होऊन उडतं किंवा पाण्याबरोबर खाली निचरून जातं. टाकलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमीच पिकाला लागतं, असा सर्वसाधारण अनुभव आहे. गोणी २६६ रुपयांना मिळते म्हणून हात सैल सुटतो, पण निम्मी गोणी वाया गेली तर ती स्वस्त कशी म्हणायची?

*४) आपण काय करायचं?*
✅ *आधी मोजा.* सुरू आणि खोडवा उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून दिलं तरी पाच गोण्या पुऱ्या लागत नाहीत. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो आणि १०:२६:२६ च्या गोणीत ५ किलो नत्र असतं, तेही यात धरा. माती परीक्षण असेल तर त्यानुसार मात्रा ठरवा.
✅ *एकदम टाकू नका.* हप्त्यांनी द्या. वाफसा असताना, मुळाजवळ, मातीआड करा. ठिबक असेल तर ठिबकमधूनच द्या.
✅ *युरिया फेकून वर पाटाने रान तुडुंब भरू नका.* पाणी साचून जमिनीतली हवा संपली की नायट्रस ऑक्साईड जास्त सुटतो. चर काढून निचरा ठेवा.
✅ *पाचट पेटवू नका.* एकरी तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातलं नत्र जवळजवळ सगळं उडतं आणि सेंद्रिय कर्बाची राख होते. ते सरीत दाबा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. पाचटात नत्र कमी असतं, म्हणून कुजवणाऱ्या जिवाणूंना तेवढा युरिया द्यावा लागतो.
✅ *सोयाबीनला राायझोबियमची बीजप्रक्रिया करा.* हवेतलं नत्र गाठींमध्ये फुकट मिळतं.
✅ *जनावरांना नुसत्या वाळक्या कडब्यावर ठेवू नका.* हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण यांचा मेळ घाला. दूध वाढतं आणि लिटरमागे मिथेन कमी होतो. शेण गोबर गॅसला गेलं तर तोच मिथेन चुलीवर जळतो.

*५) आता कार्बन क्रेडिट*
एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साईडएवढा वायू कमी करणं. वरच्या हिशेबाने नुसता नायट्रस ऑक्साईड धरला, तर एका क्रेडिटसाठी साधारण *११ गोण्या* वाचवाव्या लागतील. त्या ११ गोण्यांचे २,९०० रुपयांच्या वर पैसे मात्र त्याच हंगामात तुमच्या खिशात राहतात, कोणाच्याही सहीशिवाय. क्रेडिटचे पैसे मोजणी आणि तपासणी झाल्यावर येतात. म्हणून बचत ही पहिली कमाई आणि क्रेडिट हे वरचं उत्पन्न.

क्रेडिट वाईट आहे असं नाही. पण एकरी मोठी रक्कम तोंडी सांगून कोणी कागद पुढे केला तर हे विचारा :
▪️ करार किती वर्षांचा? मधेच सोडला तर दंड आहे का?
▪️ आपला हिस्सा किती आणि पैसे कधी?
▪️ मोजणी-तपासणीचा खर्च कोणाकडून?
▪️ जमीन विकली किंवा खंडाने दिली तर काय?

उत्तरं मराठीत, लेखी घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, ओटीपी कोणालाच नको. कराराचा फोटो काढून आधी कंपनीच्या कार्यालयात दाखवा.

📌 या आठवड्यात एवढंच करा : मागच्या हंगामात एकरी किती गोण्या टाकल्या ते वहीत लिहा आणि नत्राचा हिशेब जुळवून पाहा. जमत नसेल तर वही आणि माती परीक्षणाचा कागद घेऊन कार्यालयात या, बसून करू.

— कृषी सल्ला विभाग
आपली शेतकरी उत्पादक कंपनी