खांब आला, लाइट किती वेळ?

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातलं एकही खेडं आता विजेविना उरलं नाही, असं जाहीर झालं. बातमी आनंदाचीच होती. पण सरकारी व्याख्या अशी होती की गावात डीपी बसली, तारा ओढल्या, शाळा-पंचायतीला वीज मिळाली आणि शंभरातल्या दहा घरांत दिवा लागला, की गाव ‘विद्युतीकृत’. उरलेली नव्वद घरं अंधारात असली तरी कागदावर गाव उजळलेलं. घराघरांत जोडणी देणारी ‘सौभाग्य’ योजना २०१७ मध्येच आणावी लागली, ती याचसाठी.

काय मोजायचं हे एकदा ठरलं की पैसा कुठे जाणार तेही ठरतं. म्हणून हा नुसता आकडेमोडीचा विषय नाही.

संयुक्त राष्ट्रांचं सातवं शाश्वत विकास उद्दिष्ट सांगतं, २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी, भरवशाची, स्वच्छ ऊर्जा. देशांची प्रगती त्यात मुख्यतः चार आकड्यांवर जोखतात: किती लोकांकडे वीज आहे, किती जण स्वच्छ इंधनावर रांधतात, अक्षय ऊर्जेचा वाटा किती आणि तेवढंच उत्पन्न काढायला ऊर्जा किती लागते. २०२३ मध्ये जगातल्या ९२ टक्के लोकांकडे वीज होती. पण ‘परवडणारी’ आणि ‘भरवशाची’ हे दोन शब्द या चार आकड्यांत कुठेच सापडत नाहीत.

ती उणीव भरायला जागतिक बँकेने २०१५ मध्ये शून्य ते पाच अशा पायऱ्यांची मोजपट्टी आणली. दिवसभरात चार तास आणि संध्याकाळी किमान एक तास वीज, ही पहिली पायरी. दिवसाला २३ तास आणि संध्याकाळचे चारही तास, ही पाचवी. वर्षाला ३६५ युनिटचं बिल घरच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांत बसतं का, हेही त्यात पाहतात. भारनियमन सोसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘लाइट आहे का’ यापेक्षा ‘लाइट कधी असते’ हाच आपल्याकडचा खरा प्रश्न.

याहून कठीण मोजणी चुलीची. जगात अजून सुमारे २१० कोटी लोक लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल यांवर रांधतात. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत गॅसची टाकी आहे. चहा, पाहुण्यांचे पोहे तिच्यावर होतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी मात्र चुलीवर, कारण सरपण विकत आणावं लागत नाही. पाहणीत विचारतात, ‘मुख्य इंधन कोणतं?’ बाई सांगते, ‘गॅस.’ नोंद स्वच्छ इंधनाची होते, फुंकणी हातात तशीच, आणि मांडीवरच्या पोराच्या छातीत धूर जातच राहतो.

मला विचारायला सांगितलं, तर मी एवढंच विचारीन: बाई, ही टाकी कधी आणली होतीत?