शिंपल्याला भोक कुणी पाडलं?

कोकणच्या किनाऱ्यावर ओंजळभर शिंपले वेचले, की त्यांत भोक पडलेला एखादा सापडतो. भोक एकच, अगदी गोल, कडेला बाहेरून आत उतार दिलेलं. मुलं त्यात दोरा ओवून माळ करतात. हे काम लाटांचं नव्हे. आपटून फुटलेल्या शिंपल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात.

ही करामत नॅटिका टायग्रिना या समुद्री गोगलगायीची किंवा तिच्या भाऊबंदांची. तिचा शंख बोराएवढा, गुळगुळीत, पांढुरक्या अंगावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी. वाळूखालून सरकत ती तिसरी नावाचा शिंपला गाठते आणि रुंद, मांसल पायात लपेटून घट्ट धरते. मग सोंडेच्या टोकाजवळची ग्रंथी कवचावर आम्ल सोडते. लिंबाच्या रसाने अंड्याचं कवच मऊ पडतं, तसंच इथेही. मऊ झालेला थर कानशीसारखी दातेरी जीभ खरवडते. पुन्हा आम्ल, पुन्हा खरवड. जाड कवचाला दिवसाहून अधिक वेळ लागतो. केवढी ही चिकाटी! आरपार होताच सोंड आत शिरते.

अर्धवट भोकाचे शिंपलेही मिळतात. तिथे शिकार मध्येच सुटलेली असते. आणि कधी ठिपक्यांच्या शंखावरच तसलं भोक दिसतं. ही गोगलगाय आपल्या जातभाईंनाही खाते.