महसूल, तहसील, हशील: तीन शब्द, एकच मूळ

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. ‘महसूल’, ‘तहसील’ आणि ‘सांगून काय हशील?’ यातलं ‘हशील’, या तिघांत कॉमन काय? उत्तर शेवटी. त्याआधी थोडं अरबी.

मराठीत आपण धातूला मागून प्रत्यय जोडतो: लिहितो, लिहिणारा, लिहिलेलं. अरबीत बरंचसं काम शब्दाच्या पोटात चालतं. मूळ म्हणजे नुसती व्यंजनं, बहुतेक वेळा तीन. उदाहरणार्थ क-त-ब, अर्थ लिहिण्याशी जोडलेला. आता मधले स्वर बदला, लागलंच तर पुढे ‘म’ लावा. कातिब म्हणजे लिहिणारा. मक्तूब, लिहिलेलं. किताब, पुस्तक. मक्तब, लिहिण्याची जागा, म्हणजे ऑफिस.

कोडिंगवाल्यांनो, साचा म्हणजे फंक्शन आणि मूळ म्हणजे इनपुट! साच्यांना नावं देण्यासाठी अरबी व्याकरणकार फ-अ-ल (करणे) हे मूळ चक्क व्हेरिएबलसारखं वापरतात. फाइल म्हणजे करणारा (कॉम्प्युटरवाली नव्हे हं!), मफऊल म्हणजे केलेलं. आता तुम्ही सांगा. कातिल म्हणजे मारणारा, तर मारला गेलेला कोण? बरोबर, मक्तूल.

पण साच्यावरून सगळंच ओळखता येत नाही. मक्तबासुद्धा क-त-ब मधूनच आला, पण अर्थ लायब्ररी किंवा पुस्तकांचं दुकान. साचा दिशा दाखवतो, नेमका अर्थ वापरातून ठरतो.

मग मूळ शिकायचं कशाला? कारण हान्स वेर यांच्या प्रसिद्ध अरबी शब्दकोशात ‘मक्तब’ हा शब्द ‘म’खाली नाही, क-त-ब खाली आहे. मूळ ओळखता आलं नाही, तर शब्दकोश हातात असून उपयोग नाही.

आता आपलं उत्तर. मूळ ह-स-ल, म्हणजे मिळणं, हाती येणं. हासिल हा कातिबच्या साच्यातला, त्याचंच आपलं ‘हशील’. महसूल मक्तूबच्या साच्यातला, मिळालेलं ते. तहसील म्हणजे गोळा करणं, साचा वेगळा. तिघेही फारसीमार्गे मराठीत आले. म्हणजे ‘काय हशील?’ विचारताना आपण ‘हाती काय लागणार?’ असंच विचारतो.

जाता जाता घरचा अभ्यास: हुकूम, हाकीम, महकमा. मूळ शोधा बरं! भेटू पुढच्या भागात.