यादी गेली, उधारी राहिली

पहाटे साडेपाच. शटर अर्धंच वर. दुधाचे क्रेट आत, गळकी पिशवी बाजूला. दुधावर सुटणारं कमिशन फ्रीजच्या वीजबिलातच जातं; पण दूध ठेवलं नाही तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

आठ. पाव, ब्रेड, डब्यासाठी पाच रुपयांचा बिस्किटपुडा. गर्दी दिसते, गल्ला भरत नाही.

साडेदहा. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन. "शेठ, दहा केसवर स्कीम आहे." मी एक केस घेणारा. दहा घेणारं सुपरमार्केट थेट कंपनीकडून उचलतं, तेही उधारीवर. त्यांच्या ऑफरचा भाव कधीकधी माझ्या खरेदीच्याही खाली असतो. मग तेलाच्या पिशव्यांसाठी मुलाला तिथल्याच रांगेत उभं करतो. धंद्यात लाज कसली?

फळीवरच्या शॅम्पूचा विषय निघतोच. २२ सप्टेंबर २०२५ला साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकांनी त्याच दिवशी नवा भाव मागितला, आणि ते रास्तच होतं. पण मी कॉम्पोझिशनवाला. उलाढालीवर १ टक्का भरायचा, खरेदीत गेलेल्या कराची वजावट नाही. १८ टक्के देऊन घेतलेला माल ५ टक्क्यांच्या भावात विकला, फरक पदरचा. सेल्समन म्हणतो, "क्लेम टाकलाय." तो हेच म्हणत आलाय.

दीड. पुण्यात दुकान एक ते चार बंद, यावर लोक हसायचे. मागच्या गल्लीत अ‍ॅपवाल्यांचं गोदाम आलं, दहा मिनिटांत घरपोच, आणि माझी वामकुक्षी संपली. गुंतवणूकदारांच्या पैशांवर सूट देणाऱ्याशी घरच्या पैशांवर किती दिवस लढणार? वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४मध्ये याबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. वर्षभरात दोन लाख किराणा दुकानं बंद पडली, असंही संघटना म्हणाली. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण आमच्या रांगेतही शटरं उतरलीत.

सात. काकू आल्या. "पावशेर तूरडाळ दे रे, आणि मांडून ठेव." एकेकाळी महिन्याच्या एक तारखेला त्यांची फुलस्केप भरून यादी यायची. साखर-तांदळावर फारसं काही सुटत नाही; त्यांच्यासोबत जाणारे मसाले, बदाम, शॅम्पू यांवर दुकान चालायचं. ती यादी आता सूनबाई मोबाइलवर टाकतात. माझ्याकडे येतं ते अडलेलं, विसरलेलं आणि उधार.

दहा. हिशेब. डिस्ट्रिब्युटरला आठवड्यात पैसे हवेत. वहीतले येतात पगार झाल्यावर, तेही सगळे नाहीत. मधला खड्डा भिशीने बुजवायचा. यंदाची भिशी मी दुसऱ्याच महिन्यात उचललीय.

उद्या गाळामालक भाडेवाढीचं बोलायला येणार. मोबाइलवाला जास्त द्यायला तयार आहे, असं त्यांनी मागेच कानावर घातलंय. चहा मागवीन, आणि वहीतलं त्यांचं स्वतःचं पान उघडून समोर ठेवीन.